ढबूची दृष्ट

‘बी अर्धा बोट खोल टाकावे. दोन रोपांत एक वीत अंतर. झाड गुडघ्यापेक्षा उंच जात नाही. डब्यात, कुंडीत, कोठेही येते. लावणीपासून साठ दिवसांत फळ.’
(बियांच्या पाकिटावर.)

‘तिखट बंद. हिरवं नाही, लाल नाही, फोडणीतलंसुद्धा नाही.’
(वाईचे वैद्य, तात्यांची नाडी हातात धरून.)

कचेरीच्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत ‘अधिक धान्य पिकवा’. त्याच्याखाली कोळशानं, घाईघाईत, ‘चले जाव’. दोन्ही सारखंच पुसट झालेलं.

सोळा हिरव्या मिरच्या, मूठभर लसूण, खडेमीठ. तव्यावर परतून तांब्याच्या बुडानं तिथंच रगडायचं.

रॉकेलचे सहा रिकामे डबे. लढाईच्या दिवसांत हे कुठून आले, ते विचारायचं नाही.

‘वर्ग पाचवा : मिरची. निकष – आकार, रंग, तिखटपणा. परीक्षकांचा निर्णय अखेरचा.’
(परसबाग मंडळ, सांगली.)

*

गोदावरीबाई आगट्यांचं परस सहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद होतं. साताऱ्यात यादोगोपाळ पेठेतल्या त्या भाड्याच्या तीन खोल्यांमागे एवढीच काय ती मोकळी जागा. कडेला कमरेएवढी दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे अंजना. अंजनाचं माहेर माणदेशातलं, मेंढरं राखणाऱ्यांचं. नवरा ज्ञानू घोंगड्यांचा गठ्ठा पाठीवर टाकून बाजारोबाजार हिंडायचा. दुपारी गोदावरीबाईंचे यजमान तात्या घोरायला लागले की भिंतीवरून अर्धी भाकरी आणि तिच्यावर सुपारीएवढा ठेचा अलीकडे यायचा. गोदावरीबाई तो उभ्याउभ्या खायच्या, नाक ओढायच्या, पदरानं डोळे पुसायच्या, आणि मग दोघी मिळून सगळ्या पेठेचा समाचार घ्यायच्या. सोवळं काय ते भिंतीच्या अलीकडे. भिंतीवर कुणाचाच कायदा चालत नव्हता. अठरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

गेली तीन वर्षं तर त्या ठेच्यावरच त्यांचा जीव होता. कारण तात्यांचं तिखट बंद झालं आणि तात्यांबरोबर सगळ्या घराचं. गोदावरीबाईंनी तिखटाचा डबा घासून त्यात साबुदाणा भरला. आमटीत गूळ, भाजीत गूळ, चटणीतही गूळ. दोन्ही मुली सासरी गेलेल्या. तोंड वाकडं करायलाही घरात दुसरं कुणी नव्हतं.

तात्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरी गेली त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही, मिरची गेली त्याचं वाटलं. साताऱ्याच्या माणसानं मिरची सोडली, हे पेठेत कळलं तर मान वर कशी करायची? म्हणून त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कुणाच्या मुंजीला गेले की पानातली मिरची हळूच शेजारच्याच्या पानाखाली सरकवायचे.

अशात १९४४च्या श्रावणात सांगलीहून पुतण्याचं पाकीट आलं. पुतण्या गोपाळकृष्ण तिथल्या परसबाग मंडळाचा चिटणीस होता. ‘काका, ही विलायती मिरची. बुटकी जात, लवकर येते, आणि मुळीच तिखट नाही.’ तात्यांनी शेवटचे तीन शब्द शाईनं खोडले आणि कागद घडी करून ठेवला.

सहा डब्यांत सहा रोपं. कार्तिकात त्यांना फळं धरली : हिरवी, चकचकीत, बाळमुठीएवढी, खाली चार खळ्या पडलेली. पेठेनं त्यांना ढबू म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

मग तात्यांनी एक प्रकार सुरू केला. रोज सकाळी साडेनऊला, कचेरीची माणसं ओट्यासमोरून जायच्या वेळेला, ते भाकरी घेऊन ओट्यावर बसायचे आणि एक सबंध मिरची कराकरा चावून खायचे. चेहरा शांत. डोळ्यांत टिपूस नाही. वर पाण्याचा घोटही नाही. आठ दिवसांत बातमी उंब्रजपर्यंत गेली. तिकडून बाजाराला आलेली दोन माणसं मुद्दाम वाट वाकडी करून आली, ओट्यासमोर बसली आणि हात जोडून गेली. त्या दिवशी तात्यांनी दोन मिरच्या खाल्ल्या.

नवव्या दिवशी समोरचे लालासाहेब आले. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले हवालदार. कशालाही हात लावल्याशिवाय विश्वास न ठेवणारे. त्यांनी तात्यांच्या ताटातली मिरची उचलली, अर्धी तोडली, चावली, आणि बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले.

“तात्या, ही मिरची न्हवं.”

“मग काय आहे?”

“भोपळ्याचं पिल्लू हाय. काकडीनं सांभाळल्यालं.”

“लालासाहेब, झाड मिरचीचं आहे, पान मिरचीचं आहे, फूल मिरचीचं आहे. मग फळ काय वांग्याचं येणार?”

“आवं, पर डोळ्यात पानी कुठं हाय?”

“तो तुमच्या डोळ्यांचा दोष,” तात्या म्हणाले. “बसऱ्याच्या वाळूनं कोरडे पडलेत.”

लालासाहेब हसत हसत गेले आणि तात्या तरातरा आत आले. सांगलीच्या प्रदर्शनाचा छापील कागद काढून त्यांनी त्यावर नाव लिहिलं. वर्ग पाचवा, मिरची. “आता परीक्षकच सांगतील,” ते म्हणाले. गोदावरीबाईंनी कागद वाचला. ‘तिखटपणा’ ह्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

“तीनपैकी दोन निकष आपल्याकडे आहेत,” तात्या म्हणाले.

*

मार्गशीर्षात फुलं गळायला लागली. सकाळी बघावं तर डब्यांत पांढऱ्या फुलांचा सडा. तात्यांनी पाणी वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं, ताक घालून पाहिलं. प्रदर्शन माघात. झाडावर एक फळ नाही. पहिल्या बहराची सात तेवढी बियांसाठी चुलीवरच्या दोरीला बांधून वाळवलेली.

एका संध्याकाळी ते चुलीपाशी येऊन उगाच उभे राहिले.

“अगं, तुझा त्या दृष्टबिष्टीवर विश्वास आहे ना?”

“माझा आहे. तुमचा नाही.”

“माझा नाहीच. पण प्रयोग म्हणून करायला काय हरकत आहे?”

“मीठमोहऱ्या आहेत. मिरच्या कुठल्या आणू? तीन वर्षांत घरात लाल मिरची आलेली नाही.”

तात्यांनी दोरीकडे बोट दाखवलं.

“अहो, त्या...”

“त्या काय? मिरच्या नाहीत?” तात्यांचा आवाज चढला. “तूही आता लालासाहेबांचं बोलणार?”

 गोदावरीबाईंनी मुठीत मीठमोहऱ्या आणि त्या सात सुकलेल्या ढबू घेतल्या, सहाही डब्यांवरून तीनदा ओवाळल्या, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, सगळ्यांची नावं घेतली आणि मूठ चुलीत टाकली.

मीठ तडतडलं. मोहऱ्या उडाल्या. धूर झाला.

ठसका नाही.

तात्या चुलीवर वाकले. नाकानं दोनदा खोल श्वास घेतला. काही नाही. भाजल्या वांग्यासारखा वास, तोही खमंग.

आता मिरच्या जाळून ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आणि दृष्टीवर विश्वास नसलेल्या तात्यांना तर ते सगळ्यांत पक्कं ठाऊक होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. “सात मिरच्या,” ते पुटपुटले, “आणि साधी शिंकसुद्धा नाही. कोण असेल?”

खरं काय ते गोदावरीबाईंना त्याच क्षणी कळलं होतं. कुठल्याही बाईला कळलं असतं. पण बोलायचं तर ‘तुमची मिरची ही मिरचीच नाही’ असं बोलायला हवं होतं, आणि ते ऐकायला तात्या तयार नव्हते. दृष्टीचं काय, चार दिवसांत विसरतील असं त्यांना वाटलं. बत्तीस वर्षं ज्यानं चौकशा लिहून काढल्या, तो माणूस चार दिवसांत काही विसरत नाही, हे त्या विसरल्या.

*

चौकशी नऊ दिवस चालली. त्या दिवसांत आसपासच्या खेड्यांत भूमिगतांची न्यायमंडळं बांधावरचे तंटे एका बैठकीत निकालात काढत होती. पण तात्यांची कामाची पद्धत सरकारी होती. रोपं पाहून गेलेल्यांची यादी झाली. प्रत्येकाला ओट्यावर बोलावून जबाब घेतला. लालासाहेबांनी ‘पाहिली, पण मनात भरली नाहीत’ असं लिहून दिलं आणि सुटले. शेवटचा जबाब असा :

‘जबाब क्रमांक अकरा. अंजना भ्रतार ज्ञानू.
प्रश्न : रोपे पाहिली काय?
उत्तर : व्हय. भिताडावरनं रोजच दिसत्यात.
प्रश्न : पाहून काय म्हणालात?
उत्तर : म्हनलं, लय गुटगुटीत हायती. लेकरावानी.
प्रश्न : नंतर थू थू केलेत काय?
उत्तर : न्हाई. इसरले.
शेरा : कबुली.’

दुसऱ्या दिवशी तात्यांनी भिंतीवर चार बांबू ठोकले आणि त्यांना पुरुषभर उंचीचं गोणपाट बांधलं. अंजनानं परसात डोकावायचं नाही. गोदावरीबाईंनी भिंतीशी जायचं नाही.

आणि झालं असं, की आठवड्याभरात फुलं गळायची थांबली. उत्तरेचा गार वारा त्याच भिंतीवरून यायचा, तो गोणपाटानं अडवला, हे गोदावरीबाईंना दिसत होतं. धुणं वाळत घालणाऱ्या बाईला वारा कुठून येतो ते सांगावं लागत नाही. त्यांनी सांगून पाहिलं.

“वारा?” तात्या हसले. “अगं, वारा दिसतो का? डोळे दिसतात. पुरावा डोळ्यासमोर आहे.”

बातमी पेठेत पसरली. पाणोठ्यावर बाया लेकरं पदराखाली घ्यायला लागल्या. कुणाची म्हैस आटली, कुणाचं लोणचं नासलं, सगळं अंजनाच्या खात्यावर. अंजना पाण्याला उन्हाच्या वेळी जायला लागली, म्हणजे कुणी भेटायला नको. आणि दुपारी तात्या घोरायला लागले की गोदावरीबाई गूळ घातलेली आमटी पुढ्यात घेऊन गोणपाटाकडे बघत बसायच्या.

एका दुपारी त्यांनी गोणपाटाचं टोक उचललं.

“अंजने.”

“जावा वैनी. माजी नजर लागंल तुमास्नी.”

“मूर्खासारखं बोलू नकोस. तुझ्याकडे लवंगी आहे का? वाळलेली?”

“कशाला?”

“सात दे. नाही, अकरा दे. परत एकदा दृष्ट काढते. ठसका लागला की सुटलीस.”

पलीकडं डब्याचं झाकण वाजलं. मग गोणपाटाखालून एक मूठ आली. “माज्याच मिरच्या न्‌ माजाच निकाल,” अंजना म्हणाली. “लय भारी कचेरी हाय तुमची.”

संध्याकाळी गोदावरीबाईंनी तात्यांसमोर नव्या फळांतून सुकवलेली एक ढबू मुठीत घेतली. लवंगी आधीच मुठीत होती. ओवाळलं, चुलीत टाकलं, आणि साताऱ्यात असा ठसका कधी कुणाला लागला नसेल. तात्या खोकत खोकत ओट्यावर गेले. लालासाहेबांच्या घरातून खोकल्याचा आवाज आला. रस्त्यावरचं कुत्रं शिंकलं. तात्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि तोंडावर असा आनंद की मुलींच्या लग्नातही गोदावरीबाईंनी तो पाहिला नव्हता.

“माझ्या मिरचीचा ठसका!” ते म्हणाले. “एका मिरचीचा! आता बोलवा त्या हवालदाराला.”

“आणि अंजना?”

“तिची दृष्ट निघाली. आता माफ आहे. तिला कळव.”

गोदावरीबाई धावतच गेल्या. पण गोणपाटापलीकडून आवाज आला तो कोरडा.

“माफ? कशाबद्दल वं वैनी? म्या काय केलंया? नजर हुती न्‌ निगाली म्हनत्यात, म्हंजी हुतीच की. तसली माफी नगं मला. तुमी तुमच्या दारी, मी माज्या.”

आणि खरोखरच त्या दिवसापासून भाकरी आली नाही, साधी हाकसुद्धा नाही.

*

माघात सांगली. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. मागे भलीमोठी भट्टी बांधलेली. गोदावरीबाईंच्या मांडीवर डबा, डब्यात सगळ्यांत देखणं झाड, झाडावर नऊ ढबू. उंब्रजला क्लीनरनं भट्टी ढोसली, कऱ्हाडला ढोसली, इस्लामपूरला सगळे उतरून मोटार ढकलायला लागले. तात्या ढकलत नव्हते. ते डब्यावर छत्री धरून उभे होते.

प्रदर्शनाच्या मांडवात पाचव्या वर्गासाठी एक लांब बाक. त्यावर दहाबारा जणांच्या मिरच्या : काळपट, सापासारख्या वळलेल्या, पेन्सिलीएवढ्या. मध्ये तात्यांचा डबा, लग्नात चुकून आलेल्या सायबासारखा. परीक्षक तासगावचे नानासो. त्यांची पद्धत साधी होती. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात मिरची. चावायचं, आणि डोळ्यांत किती पाणी आलं ते शेजारच्या कारकुनानं लिहून घ्यायचं. तात्यांच्या डब्यापर्यंत येईतो त्यांचे डोळे लाल झाले होते, मिशा भिजल्या होत्या. त्यांनी ढबू तोडली, चावली. थांबले. दुसरा घास घेतला. डोळे पुसले, आणि ते पुसलेलेच राहिले.

“बरं वाटलं,” ते म्हणाले. “घशाला आराम पडला. पर पावनं, ही मिरची न्हवं. फुडं चला.”

“थांबा!” तात्या ओरडले. “कच्ची नव्हे, जाळून बघा. ही मिरची जळल्यावर बोलते. शेगडी आणा!”

मांडवाबाहेरच्या चहावाल्याची शेगडी आली. गर्दी जमली. जाणत्या माणसांनी आधीच नाकावर उपरणं धरलं. तात्यांनी वाळवलेली ढबू खिशातून काढली आणि निखाऱ्यावर टाकली. सगळे श्वास रोखून उभे.

धूर झाला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “मीठ लावा की वाईच.”

मांडव हसला. तात्या शेगडीकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूहळू मान वर केली, आणि गोदावरीबाईंनी तो चेहरा ओळखला. जबाब अकराच्या दिवशीचा चेहरा.

“लागली,” तात्या म्हणाले. “परत लागली. मंडळी, ही मिरची साताऱ्यात सबंध पेठेला खोकायला लावत होती. आज सकाळी निघालो तेव्हा आमची शेजारीण दारात उभी होती. तिची नजरच तशी आहे, चौकशीत सिद्ध झालेलं आहे. तिचं नाव...”

“अंजनाच्या मिरच्या होत्या त्या,” गोदावरीबाई म्हणाल्या.

दोनशे माणसांसमोर बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ. त्या शेगडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

“खोकला लागला तो तिच्या लवंगीचा. मी मागून आणल्या, मुठीत लपवल्या. ही मिरची जळो, भाजो, उकळो, हिला ठसका नाही. पहिल्या दिवशीही नव्हता. दृष्ट नव्हतीच कधी. ह्यांच्या पोटाला तिखट चालत नाही, तीन वर्षं झाली, म्हणून ही लावली. चांगली आहे हो. गोड आहे. पण दृष्टीला अंजनाचं नाव लावू नका.”

कुणी हसलं नाही. नानासोंनी ढबूचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता म्हणाले, “मलाबी डाक्टरनं तिखट सोडाय सांगितलंया. कुनाला बोलू नगा. बी हाय का वो तात्या?”

चिटणीस गोपाळकृष्णानं तेवढ्यात डबा उचलून आठव्या वर्गाच्या बाकावर नेऊन ठेवला. आठवा वर्ग : शोभेची झाडे. संध्याकाळी तात्यांना उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं.

*

परतीच्या वाटेवर तात्या कऱ्हाडपर्यंत प्रमाणपत्राची सुरळी करत होते, उलगडत होते. उंब्रजला भट्टी ढोसायला मोटार थांबली तेव्हा त्यांनी प्रमाणपत्राच्या पाठीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि गोदावरीबाईंच्या हातात दिलं.

‘पुराव्याअभावी चौकशी बंद करण्यात येत आहे.’

“चुकलं, असं लिहा ना,” गोदावरीबाई म्हणाल्या.

“तसा नमुना नसतो,” तात्या म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

घरी पोचल्यावर गोदावरीबाईंनी लुगडंही न बदलता परसात जाऊन गोणपाटाच्या गाठी सोडल्या. तात्या दारात उभे होते. शेवटची गाठ सुटेना तेव्हा पुढे येऊन त्यांनीच कोयत्यानं तोडली आणि आत गेले. पलीकडे अंजना ज्ञानूच्या घोंगड्या उन्हात झटकत होती. गोदावरीबाईंनी सांगलीला काय झालं ते सगळं सांगितलं. शेगडी, दोनशे माणसं, सगळं. मग प्रमाणपत्राची पाठ वाचून दाखवली.

“पुराव्याअभावी म्हंजी काय वं वैनी?”

“म्हणजे चुकलं, पण तोंडानं म्हणायचं नाही.”

अंजनानं घोंगडी भिंतीवर टाकली. “आमचं ह्येबी तसंच करत्यात,” ती म्हणाली. “पर लिवून देत न्हाईत.” मग बराच वेळ ती हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती. “दोनशे मानसांत बोलला व्हय तुमी? लुगडं सुटलं न्हाई का भ्यानं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर भाकरी आली. ठेचा सुपारीएवढा नव्हता, लिंबाएवढा होता.

जबाब घेतला त्या दिवशी अंजनानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. ऑक्टोबरात आगटे नवराबायको आठ दिवस कऱ्हाडला गेले होते आणि रोपं लालासाहेबांवर सोपवली होती. लालासाहेब विसरले, तेव्हा सहाही डब्यांना रोज पाणी तिनं घातलं होतं. प्रश्नाला धरून नाही म्हणून तात्यांनी ते लिहून घेतलं नाही.